जुन्या ट्रॅक्टरवर पिंजराचे गठ्ठे: रेक आणि बेलर पहिल्यांदाच लावणाऱ्यांसाठी

भात निघालं की कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, आजरा, चंदगड, शाहूवाडी या पट्ट्यात दरवर्षी एकच अडचण असते. पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, रानात पडलेलं आहे आणि ते गोळा करायला माणूस नाही. तिकडे करवीर, हातकणंगले, शिरोळच्या गोठ्यांत उसाचं वाडं मिळतंय तोवर म्हशींचं भागतं, पण कारखान्यांचे पट्टे पडले, म्हणजे गाळप संपलं, की सुक्या वैरणीसाठी पळापळ सुरू होते. त्यात मशीनने कापलेल्या भाताचं पिंजर आखूड आणि विस्कटलेलं पडतं, त्याची पेंढी बांधता येत नाही. म्हणून बेलरचं, म्हणजे रानातलं पिंजर उचलून गठ्ठे बांधणाऱ्या यंत्राचं, नाव आता गावोगाव निघायला लागलंय.

नवा पन्नास एचपीचा ट्रॅक्टर असेल तर हा लेख वाचायची फारशी गरज नाही, कंपनीचा माणूस येऊन सगळं जोडून देईल. हा लेख ज्यांच्या शेडमध्ये जुना फोर्ड ३६००, एचएमटी, मॅसी १०३५, जुना महिंद्रा किंवा स्वराज उभा आहे आणि त्यावरच काम भागवायचं आहे, त्यांच्यासाठी आहे. भागतं, पण जुन्या ट्रॅक्टरच्या मर्यादा बेलर माफ करत नाही. बहुतेकांचं सगळं लक्ष बेलर कुठला घ्यायचा यावर असतं. प्रत्यक्षात काम ठरतं ते ट्रॅक्टरचा क्लच कसला आहे आणि रेकने, म्हणजे पिंजर ओढून ओळीत आणणाऱ्या यंत्राने, ओळ कशी घातली आहे यावर.

१. आधी ट्रॅक्टरचा क्लच तपासा

एचपीच्या आधी क्लच, हे मुद्दाम सांगतोय. रोटर किंवा मळणी मशीनला ही गोष्ट फारशी नडत नाही, बेलरला नडते.

क्लच दोन तऱ्हेचे असतात. सिंगल क्लचमध्ये पेडल दाबलं की ट्रॅक्टरही थांबतो आणि पीटीओ, म्हणजे मागचं यंत्र फिरवणारा शाफ्ट, तोही थांबतो. डबल क्लचमध्ये अर्धं पेडल दाबलं की चाकं थांबतात, पीटीओ फिरत राहतो. पूर्ण दाबलं की पीटीओही थांबतो. मॉडेलच्या नावावरून अंदाज बांधू नका. एकच मॉडेल दोन्ही क्लचमध्ये विकलं गेलेलं असतं आणि इतक्या वर्षांत कुणी काय बदललं ते सांगता येत नाही.

तपासायला सोपं आहे. मागे काहीही न जोडता, माणसं लांब ठेवून, सपाट जागेवर पीटीओ चालू करा. ट्रॅक्टर पहिल्या लो गियरमध्ये हळू सोडा आणि पेडल सावकाश अर्धं दाबा. ट्रॅक्टर थांबला आणि पीटीओ फिरतोय, तर डबल क्लच. दोन्ही एकदम थांबले तर सिंगल. डबल क्लच असूनही अर्ध्यावर दोन्ही थांबत असतील तर प्लेटची ॲडजस्टमेंट गेलेली आहे. ती आधी मिस्त्रीकडून करून घ्या.

सिंगल क्लच निघाला म्हणून नाद सोडायचं कारण नाही. दोन गोष्टी पाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट फ्रीव्हील कपलिंगची. चौकोनी गठ्ठ्याच्या बेलरला फ्लायव्हील, म्हणजे जड फिरतं चाक, असतं. तुम्ही क्लच दाबला तरी ते फ्लायव्हील फिरत राहतं आणि पीटीओमधून उलटा जोर गियरबॉक्सवर येतो. परिणाम असा की क्लच दाबलेला असतानाही ट्रॅक्टर पुढे सरकतो. समोर बांध, विहीर किंवा माणूस असेल तर काय होईल ते सांगायला नको. फ्रीव्हील कपलिंग हा उलटा जोर तोडतं. बऱ्याच बेलरच्या शाफ्टमध्ये ते आधीच बसवलेलं असतं, पण जुना बेलर घेताना हाताने फिरवून खात्री करा. एका दिशेला मोकळं फिरलं पाहिजे, दुसऱ्या दिशेला धरलं पाहिजे.

दुसरी गोष्ट चालवण्याच्या सवयीची. पुढे ओळ जाड दिसली की ती बेलरच्या तोंडात जायच्या आधीच क्लच दाबून गियर न्यूट्रलला घ्या आणि क्लच सोडा. ट्रॅक्टर उभा राहतो, पीटीओ फिरतो, बेलर आतला माल संपवतो. मग परत गियर टाकून हळू सोडा. बेलर तुंबल्यावर क्लच दाबला तर आतला माल तसाच दाटून बसतो आणि पुन्हा सुरू करताना सगळा भार क्लच प्लेटवर येतो. जुन्या प्लेटा अशाच जळतात.

२. एचपी, पीटीओ आणि मागचा हुक

पंचवीस एचपीचा ट्रॅक्टर, म्हणजे एचएमटी २५११ किंवा एका सिलिंडरचा आयशर २४१, बेलरला लावू नका. तो रेकला उत्तम. पस्तीस एचपीच्या वरचे जुने ट्रॅक्टर लहान गोल गठ्ठ्याचा बेलर ओढतात. चौकोनी बेलरला पंचेचाळीसच्या पुढे असलेलं बरं. ट्रॅक्टर जुना आहे, तेव्हा कागदावरची एचपी आणि आज इंजिनात उरलेली एचपी यांत फरक असणार. चढाला भरलेली ट्रॉली ओढताना काळा धूर सोडून दम टाकत असेल तर बेलरवरही तेच करेल.

पीटीओचे फेरे मिनिटाला ५४० हवेत. जुन्या ट्रॅक्टरचा मीटर बहुधा बंद असतो आणि गव्हर्नर झिजलेला असतो, त्यामुळे कानावर विसंबू नका. हातात धरायचा डिजिटल टॅकोमीटर बाजारात मिळतो. शाफ्टला चमकणारी पट्टी चिकटवून लांबून फेरे मोजा आणि हँड थ्रॉटल कुठे आल्यावर ५४० होतात तिथे रंगाची खूण करून ठेवा.

पीटीओच्या टोकाला सहा खाचा आणि ३५ मिमी व्यास हे आजचं माप. अगदी जुन्या काही ट्रॅक्टरना त्याहून बारीक शाफ्ट असतो. तसं असेल तर बदलीचा जोडतुकडा लागतो. तो कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बनवून घेता येतो. ऊस यंत्रांपासून ऑइल इंजिनापर्यंत सगळं वळवणारे लेथवाले तिथे आहेत. फक्त मटेरियल चांगलं वापरायला सांगा. मऊ लोखंडाच्या खाचा एका हंगामात गोल होतात.

आता मागचा हुक. आपल्याकडे जुन्या ट्रॅक्टरचा मूळ ड्रॉबार केव्हाच काढून टाकलेला असतो आणि त्या जागी उसाच्या ट्रॉलीचा हुक जोडलेला असतो. तो बेलरला चालेलच असं नाही. पीटीओच्या टोकापासून हुकच्या पिनपर्यंतचं आडवं अंतर साधारण ३५ सेमी, म्हणजे १४ इंच असायला हवं. पिन त्याहून जवळ असेल तर वळताना शाफ्टचे क्रॉस अडकतात, तडातडा वाजतात आणि तुटतात. वरून फ्रीव्हीलचा वेगळा तुकडा बसवला असेल तर तो आणखी काही इंच खातो, तेही यात धरा. मूळ ड्रॉबार मिळाला तर सोन्याहून पिवळं. नाहीतर चांगल्या वेल्डरकडून मापाने नवा करून घ्या.

३. यंत्रं कोणती घ्यायची

रेक दोन प्रकारचे. तारांच्या चाकांचा रेक जमिनीवर घासत फिरतो, त्याला पीटीओ लागत नाही. दुसरा रोटरी रेक, तो पीटीओवर चालतो आणि ओळ जास्त फुगीर, मोकळी घालतो. जुन्या ट्रॅक्टरवाल्याला माझं सांगणं चाकांच्या रेकचं. हलका असतो, मोडला तर तार बदलून भागतं, आणि घरात दोन जुने ट्रॅक्टर असतील तर लहान ट्रॅक्टर रेकला व मोठा बेलरला अशी जोडी जमते.

बेलरमध्ये लहान गोल आणि चौकोनी. आपल्या भागातली पायऱ्यांची वावरं, अरुंद बांधवाटा आणि गुंठ्यांत मोजलेले तुकडे पाहता लहान गोल बेलर जास्त ठिकाणी फिरतो. तो थेट मागे जोडला जातो, वळायला जागा कमी लागते. मात्र प्रत्येक गठ्ठ्याला थांबावं लागतं. सुतळी किंवा जाळी गुंडाळली की मागचं दार हायड्रोलिकने उघडतं आणि गठ्ठा खाली पडतो. म्हणजे ट्रॅक्टरला बाहेरची ऑइल लाइन हवी. टिपिंग ट्रॉलीसाठी लाइन काढलेली असेल तर ती वापरता येते, पण बेलरचं दार एकाच लाइनवर चालतं की दोन लागतात ते विक्रेत्याला आधी विचारा.

चौकोनी बेलर थांबत नाही, मागून गठ्ठे पडत जातात. त्यांचा छेद बहुधा ३६ बाय ४६ सेमी असतो, लांबी आपण ठरवायची. पिंजराचा गठ्ठा साधारण १५ ते २० किलोचा ठेवला तर बाईमाणूसही उचलू शकतं आणि ट्रॉलीत रचायला सोपा जातो. शिरोळ किंवा हातकणंगल्याच्या सपाट, मोठ्या रानांत चौकोनी बेलर परवडतो. त्याचा गाठी मारणारा भाग, नॉटर, नाजूक असतो. तो दुरुस्त करणारा माणूस जवळपास आहे का, हे बेलरची किंमत विचारायच्या आधी विचारा.

४. कागदपत्रं

जुना ट्रॅक्टर नुकताच घेतला असेल तर आधी त्याचे कागद सरळ करा. बेलर घेऊन रस्त्याने गावोगाव जायचं आहे.

- आरसी. इंजिन आणि चेसिस नंबर प्रत्यक्ष घासून, पुसून जुळवा. नोंदणीची १५ वर्षांची मुदत संपली असेल तर फॉर्म २५ भरून पुढच्या ५ वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं.
- नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. ट्रॅक्टर सांगली किंवा कर्नाटकातल्या चिकोडी, बेळगाव भागातला असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८.
- आरसीवर बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा दिसत असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र आणि फॉर्म ३५. विकणारा "कर्ज कधीच फिटलंय" म्हणतो, पण बोजा उतरवलेला नसतो. हा सापळा सर्रास आहे.
- विमा, पीयूसी आणि चालवणाऱ्याचं लायसन्स. दुसऱ्यांच्या रानात भाड्याने काम करणार असाल तर विमा घेतानाच तसं विचारून घ्या.

नव्या बेलरला कृषी यांत्रिकीकरणातून अनुदान मिळू शकतं. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा. सातबारा, ८अ, आधार, बँक पासबुक, फार्मर आयडी, ट्रॅक्टरची आरसी, यंत्राचं कोटेशन आणि तपासणी अहवाल लागतो. अनुसूचित जाती-जमातीतून अर्ज असेल तर जातीचा दाखला. सगळ्यात महत्त्वाचं, पूर्वसंमती हातात यायच्या आधी यंत्र विकत घेऊ नका. बिलाची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची असेल तर अनुदान गेलंच म्हणून समजा. "आज घ्या, कागद मागनं करू" म्हणणारा विक्रेता भेटला तर चहा घ्या आणि उठा. जुन्या, वापरलेल्या बेलरला अनुदान नसतं.

आरसी आणि सातबारा एकाच नावावर आहे का तेही पाहा. आपल्याकडे ट्रॅक्टर थोरल्या भावाच्या नावावर आणि जमीन अजून आजोबांच्या नावावर, असं घरोघरी असतं.

५. ट्रॅक्टर तयार करा

पिंजराची धूळ जुन्या इंजिनाची वैरी आहे. ऑइल बाथ एअर क्लिनर असेल तर त्याची वाटी रोज संध्याकाळी खोलून बघा. तेल चिखलासारखं दाट झालं की बदला. शंका असली तरी बदला, ते तेल स्वस्त आहे आणि लायनर-पिस्टन महाग. रेडिएटरपुढे बारीक जाळी लावा आणि दर दोन-तीन तासांनी ती झटका, नाहीतर तुसाचा थर बसून पाणी उकळतं.

सायलेन्सर खाली किंवा बाजूला वळवलेला असेल तर तो वर करून घ्या. भोक पडलेला सायलेन्सर वापरूच नका. डायनॅमो, स्टार्टरच्या उघड्या वायरींना टेप मारा. हे सगळं पुढच्या आगीच्या मुद्द्याशी जोडलेलं आहे.

एचएमटीवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. एचएमटीचा हरियाणातल्या पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला, तेव्हा क्लच प्लेट, पीटीओचं सील, पंपाचे भाग असे झिजणारे सुटे भाग हंगामाआधीच आणून ठेवा. भात निघाल्यावर पार्ट शोधायला बसलात तर पिंजर रानातच काळं पडेल.

६. काय बांधायचं आणि कधी

भाताचं पिंजर आणि डोंगरी गवत, ही दोन मुख्य. गवतात मारवेल, पवन्यासारखं चांगलं गवत असेल तर बांधणं फायद्याचं. कुसळी मात्र बी धरायच्या आत कापलेली हवी. पिकलेली कुसळं गठ्ठ्यात गेली तर जनावराच्या तोंडाला, घशाला टोचतात. आणि डोंगरउताराचं गवत विळ्यानेच काढा. आडव्या उतारावर ट्रॅक्टर-बेलर घालणं हा शहाणपणा नव्हे.

उसाच्या पाल्याचे गठ्ठे बांधायला पण अनेक जण विचारतात. बेलर तो बांधतो. तरी माझं मत असं की खोडवा ठेवणार असाल तर पाला सरीतच कुजू द्या. हेक्टरी साधारण ८ ते १० टन पाला निघतो, तो जमिनीचं खाद्य आहे आणि ओलही धरून ठेवतो. पेटवण्यापेक्षा गठ्ठे बांधलेले केव्हाही चांगले, इतकंच.

२०१९ आणि २०२१ सारखा पंचगंगेचा, वारणेचा पूर रानात येऊन गेला असेल तर त्या रानातलं पिंजर बेलरमध्ये घालू नका. काड्यांवर गाळाचा थर बसलेला असतो. तो जनावरालाही वाईट आणि बेलरच्या सुऱ्या, बेअरिंगलाही.

ओलावा हा खरा प्रश्न. गठ्ठा बांधताना ओलावा १५ ते १८ टक्क्यांच्या आसपास असावा, २० च्या वर नको. मशीनने कापलेलं पिंजर वरून पिवळं, कोरडं दिसतं, पण आतल्या कांड्या हिरव्या असतात. चांगलं ऊन असेल तर तीन-चार दिवस लागतात, मध्ये एकदा उलटावं लागतं. मीटर नसेल तर दोन साध्या परीक्षा करा. कांडीच्या पेरावर नख ओढा, साल सुटून आली तर ओलं आहे. दुसरी, मूठभर पिंजराचे तुकडे कोरड्या बरणीत मिठाबरोबर घालून एक-दोन मिनिटं हलवा. मिठाचे गोळे झाले तर थांबा, मीठ मोकळं राहिलं तर बांधायला हरकत नाही.

नमुना ओळीच्या वरून घेऊ नका, तळातून घ्या.

परतीचा पाऊस संपल्याशिवाय घाई नको. रानाला वाफसा नसेल तर जुन्या ट्रॅक्टरची चाकं रुततात आणि पिंजराबरोबर चिखलही उचलला जातो. सकाळचं दहिवर उडाल्याशिवाय बेलर सुरू करायचा नाही. आपल्याकडे नदीकाठाला हिवाळ्यात अकरा तरी वाजतात.

७. रेक: सगळं काम इथे ठरतं

जुन्या ट्रॅक्टरकडे जादा ताकद नसते आणि सिंगल क्लच असेल तर थांबायची सोयही नसते. म्हणून बेलरला मिळणारा घास सारखा हवा. एकदा जाड, एकदा पातळ अशी ओळ नवा ट्रॅक्टर पचवतो, जुना दम सोडतो.

रेकची उंची अशी लावा की तारांची टोकं धसाच्या वरून फिरतील, मातीला जेमतेम स्पर्श होईल. तारा माती उकरत असतील तर ओळीत दगड-ढेकळं येणार. ट्रॅक्टर सारख्या वेगात चालवा, ताशी ६ ते ८ किमी पुरे. जास्त पळवलात तर चाकांचा रेक पिंजराला पीळ देऊन दोरखंडासारखी ओळ घालतो. ती बेलरच्या तोंडात तुकड्यातुकड्याने न जाता एकदम ओढली जाते.

गवत थोडं लवचिक असतानाच ओळीत घ्या. फार वाळल्यावर ओढलं तर पानं गळून रानात राहतात आणि गठ्ठ्यात नुसत्या काड्या जातात. भाताच्या पिंजराला ही भीती कमी.

ओळीची रुंदी बेलरच्या पिकअपइतकी, म्हणजे माल उचलणाऱ्या तारांच्या भागाइतकी, किंवा थोडी कमी ठेवा. गोल बेलर असेल तर रुंद, सपाट ओळ चांगली. अरुंद ओळ असेल तर बेलर थोडा वेळ डावीकडून, थोडा वेळ उजवीकडून भरावा लागतो. तसं केलं नाही तर गठ्ठा एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक, अगदी गाजरासारखा होतो आणि उचलताच सुटतो.

ओळी बांधाला समांतर घाला. शेवटच्या दोन ओळी बांधापासून हातभर आत ओढून घ्या, म्हणजे बांधावरचे दगड आणि कुंपणाची तार बेलरमध्ये जाणार नाही. रेक मारायच्या आधी रानातून पायी एक चक्कर मारा. ठिबकच्या नळ्यांचे तुकडे, खताची रिकामी पोती, विळा, दारूच्या बाटल्या, सगळं सापडतं. हे काम पोरांना सांगून होत नाही, स्वतः करा.

वावर लहान असेल तर दोन पातळ ओळी एकत्र करायचा मोह होतो. पन्नास एचपीला ते ठीक. पस्तीसवाल्याने एकेकच ओळ घ्यावी.

८. बेलरचा पहिला दिवस

घरच्या अंगणात, पिंजर न घालता, बेलर सावकाश सुरू करा आणि आवाज ऐका. ग्रीस निप्पल मोजून सगळे भरा. चेनचा ताण बघा. शाफ्टवरची प्लास्टिकची नळी, म्हणजे गार्ड, फाटलेली असेल तर आधी बदला.

रानात थ्रॉटल ५४० च्या खुणेवर ठेवायचा आणि तिथून हलवायचा नाही. वेग कमी करायचा असेल तर गियर खालचा घ्या. थ्रॉटल कमी केला की बेलरचाही दम जातो आणि तुंबतो, ही नवख्यांची नेहमीची चूक. ताशी ३ ते ५ किमीने सुरुवात करा. लो रेंजचा पहिला किंवा दुसरा गियर बहुतेक जुन्या ट्रॅक्टरना बसतो.

पहिले काही गठ्ठे सैल ठेवा. घट्टपणा हळूहळू वाढवा. जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगलं असं नसतं. ओलसर माल घट्ट बांधला तर हमखास बुरशी येते आणि इंजिनावरही भार येतो.

बेलरचा शिअर बोल्ट मुद्दाम तुटायला ठेवलेला असतो. दगड आला, माल अडकला की तो तुटतो आणि आतला गियर वाचतो. सारखा तुटतोय म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून जास्त ताकदीचा बोल्ट आणून घालणारे, नाहीतर वेल्डिंगचा टाका मारणारे मिस्त्री आपल्याकडे भरपूर आहेत. तसं करू नका. पुस्तकात दिलेल्या मापाचे आणि ग्रेडचेच दहा-बारा बोल्ट टूलबॉक्समध्ये ठेवा. सारखा तुटत असेल तर कारण शोधा: ओळ जाड आहे, सुरी बोथट आहे किंवा माल ओला आहे.

बरोबर ठेवायचं सामान: पाने, ग्रीस गन, शिअर बोल्ट, चेनच्या कड्या, धारदार चाकू, जादा सुतळी, टॅकोमीटर, पाण्याचं पिंप आणि बादली, अग्निशामक सिलिंडर.

९. सुतळी आणि गाठी

सुतळीचा हिशेब आधी करा. चौकोनी गठ्ठा ९० सेमी लांब, ३६ सेमी उंच धरला तर एका वेढ्याला अडीच मीटर, दोन वेढ्यांना पाच मीटर आणि गाठीला थोडी जादा. किलोला २०० मीटर भरणारी सुतळी असेल तर किलोत चाळीसच्या आत गठ्ठे. भाड्याचा दर ठरवताना डिझेल सगळे धरतात, सुतळी विसरतात.

गाठ बसत नसेल तर तुटलेली सुतळी फेकू नका, तिचं टोक बघा.

- टोक विंचरल्यासारखं पिंजारलेलं असेल तर सुतळी कापणारी सुरी बोथट आहे.
- एक टोक गाठीत न येता निसटलं असेल तर सुतळी धरणारी चकती सैल आहे.
- गाठ बसते पण हुकवर अडकून राहते आणि गठ्ठा पुढे गेला की तुटते, तर हुकच्या जिभेची स्प्रिंग फार कसलेली आहे किंवा गाठ काढणारा हात नीट घासत नाही.

एका वेळी एकच नट, तोही अर्धा फेरा फिरवा आणि दोन-तीन गठ्ठे बघा. चार ठिकाणी एकदम पाना लावला तर नंतर मूळ कुठे होतं तेच कळत नाही. नॉटरवर धूळ साचते, ती दिवसातून दोनदा झटका.

प्लास्टिकची सुतळी स्वस्त आणि मजबूत, पण गोठ्यात गठ्ठा सोडताना ती कापून लगेच गोळा केलीच पाहिजे. म्हशीच्या पोटात गेली तर डॉक्टर बोलवायची वेळ येते. गठ्ठे विकणार असाल तर घेणाऱ्यालाही हे सांगा.

१०. हात, कपडे आणि आग

पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, फ्लायव्हील पूर्ण थांबलेलं. या चारही गोष्टी झाल्याशिवाय बेलरमध्ये हात घालायचा नाही. जुन्या ट्रॅक्टरला किल्ली नसेल आणि इंजिन तार ओढून बंद होत असेल तर चालवणाऱ्याने खाली उतरायचं, वर कुणी बसायचं नाही. अडकलेला पिंजर पायाने ढकलणारे लोक मी पाहिलेत. पिकअपच्या तारा माणसाच्या हातापेक्षा चपळ असतात.

गळ्यातला टॉवेल, लुंगी, साडीचा पदर, ओढणी, स्वेटरची सुटलेली दोरी, यांतलं काहीही बेलरजवळ नको. सुतळी घालायला मदत करणाऱ्या बायका असतील तर पदर खोचून, वरून शर्ट घालून काम करू द्या.

आगीची कारणं ठरलेली: गरम बेअरिंग, सायलेन्सरची ठिणगी, वायरीचा शॉर्ट आणि विडी. तासाभराने थांबून बेअरिंगच्या घरांजवळ हात न्या. एखादं जास्त तापलेलं वाटलं तर तिथला तूस काढा, ग्रीस भरा, तरी तापत असेल तर काम बंद. महावितरणच्या लोंबणाऱ्या तारांखाली गठ्ठ्यांचा ढीग घालू नका.

रस्त्यावरून जाताना पिकअप वर उचलून पिन लावा आणि मागे रिफ्लेक्टर लावा. गाळप हंगामात संध्याकाळनंतर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्यांनी रस्ते भरलेले असतात, तेव्हा बेलर उजेडातच घरी आणा. उतारावर दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडलेले हवेत.

११. गठ्ठे रचताना

गठ्ठे बांधले त्याच दिवशी शेडमध्ये कोंबू नका. एक-दोन दिवस ट्रॉलीत किंवा रानात हवेशीर राहू द्या, रात्री वर ताडपत्री टाका. शेडमध्ये खाली दगड किंवा लाकडी ओंडके आणि वर बांबूंचा थर घाला, गठ्ठा जमिनीला टेकता कामा नये. आपल्या पश्चिम भागातल्या पावसाळ्यात नुसत्या जमिनीच्या ओलीनेही खालचा थर कुजतो. भिंतीपासून हातभर जागा सोडा. ती हवेलाही उपयोगी आणि मांजरालाही, नाहीतर उंदीर-घुशी सुतळ्या तोडतात. चौकोनी गठ्ठे विटा रचतात तसे सांधे मोडून रचा.

पहिले दोन-तीन आठवडे ढीग तापतोय का ते बघा. लोखंडी गज मध्यापर्यंत खुपसून पंधरा-वीस मिनिटांनी काढा. हाताला धरवत नसेल तर आत गठ्ठे तापलेत. ६५ अंशांच्या वर गेलं की धोका सुरू होतो, ८० च्या आसपास आग कधीही लागू शकते. ढीग मोडायच्या आधी पाणी आणि चार माणसं तयार ठेवा, कारण बाहेरची हवा मिळाली की आत धुमसणारं एकदम पेट घेतं. फार तापलेलं असेल तर स्वतः हात न लावता अग्निशमन दलाला बोलवा. जनावरं बांधलेल्या गोठ्याला लागून एवढा मोठा ढीग ठेवायचाच नाही.

१२. हंगाम संपल्यावर

शेवटच्या दिवशी बेलरमध्ये राहिलेला अर्धा गठ्ठा काढायचा कंटाळा येतो. तो तसाच राहिला तर पावसाळ्यात ओल धरतो आणि आतले पत्रे गंजून खरबरीत होतात. पुढच्या वर्षी माल सरकत नाही. चेंबर रिकामं करा, हवेने तूस उडवा, चेनला तेल द्या, नॉटरच्या चकचकीत भागांना ग्रीसचा पातळ हात फिरवा. घट्टपणाची स्प्रिंग सैल सोडा. टायर जमिनीवरून उचलून लाकडी ठोकळ्यांवर टेकवा. ट्रॅक्टरचा एअर क्लिनर शेवटचा एकदा धुऊन नवं तेल भरा. नॉटर दुरुस्त करून घ्यायचा असेल तर मे महिन्यातच घ्या. भात पिवळं पडायला लागलं की फिटरचा फोन लागत नाही.